डाव्या हाताची गाठ

त्या वर्षी तळ्याचं पाणी उतरायचं नाव घेईना. एरवी लव्हाळा कापायला घ्यायचा तेव्हा पाणी गुडघ्याशी आलेलं असायचं. या वर्षी ते कमरेलाच अडून बसलं, लांबच्या पाहुण्यासारखं. उद्या निघतो म्हणायचं आणि उद्या पुन्हा तिथंच.

वाट बघून बघून शेवटी सगळी घरं तशीच पाण्यात उतरली. लव्हाळा उभ्या उभ्या करपला की चटईत मोडतो, आणि चटई मोडली की गिऱ्हाईक मोडतं. थोरलीच्या घरचा पट्टा तळ्याच्या उगवतीच्या अंगाला होता. कापायला तिघं: थोरली, तिचा नवरा आणि तिचा दीर. सासऱ्याचे गुडघे पाण्यानंच खाल्ले होते, म्हणून तो काठावर बसून पेंढ्या बांधायचा आणि तिघांच्या चुका काढायचा. दुसरं काम त्याला जास्त जमायचं.

दिराला सगळे चपळ्या म्हणत, त्यावरूनच तो किती चपळ होता हे ओळखावं. त्याचं लग्न व्हायचं होतं. घरात धाकटी जाऊ अजून यायचीच होती, पण थोरली मात्र आल्या दिवसापासून थोरली.

कमरेएवढ्या पाण्यात विळा दिसत नाही. एका हाताने लव्हाळ्याची मूठ धरायची, दुसऱ्याने विळा खाली घालून बुडखा चाचपायचा, आणि आपली बोटं कुठं आहेत ते ध्यानात ठेवून ओढायचा. नवऱ्याच्या ते एकदा ध्यानात राहिलं नव्हतं. तेव्हापासून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. विळा धरता यायचा. सदऱ्याची गुंडी लावायची झाली तर थोरली लागायची. संध्याकाळी काठावर आली की दोघं एकमेकांच्या पोटऱ्यांना मीठ लावून जळवा काढत. संसारातली जवळीक म्हणाल तर ती ही. नवरा बोलायचा कमीच. सासरा म्हणायचा, "याच्या तोंडातून शब्द काढणं म्हणजे जळू काढणं. मीठ लावल्याशिवाय सुटत नाही."

आणि कापता कापता घरटं दिसलं, तर गाठ. ही तळ्यावरची जुनी रीत. घरटं दिसलं की मागं सरायचं, त्याच्या चहूबाजूंचा लव्हाळा उभा सोडायचा आणि कडेच्या तीन काड्यांचे शेंडे एकत्र वळून गाठ मारायची. मागून येणाऱ्याने गाठ बघून वळसा घ्यायचा. विचारायचं नाही, डोकवायचं नाही. या घरच्या पट्ट्यात सगळ्या गाठी थोरलीच्या. नवऱ्याची बोटं तशी, आणि चपळ्याची गाठ दुपारपर्यंत सुटायची. घरटं लागलं की दोघं जागेवर उभे राहून तिला हाक मारायचे. थोरली डावरी होती. तिची गाठ उलटी फिरायची, आणि शेजारच्या पट्ट्यातल्या बायका ती लांबूनच ओळखायच्या.

"आरशात बघून मारल्यासारखी गाठ तुझी," सासरा म्हणायचा.

"सुटते का पण?"

"सुटत नाही. तेच तर."

पाणी उतरेना म्हणून कापणी उशिरा आली, आणि ती नेमकी पाखरांच्या विणीत. पाणकोंबड्या, बगळे, आणि या वर्षी कितीतरी वर्षांनी घागऱ्या. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी ओठ नेऊन फुंकर घालावी तसा त्याचा आवाज, म्हणून घागऱ्या. वाळक्या लव्हाळ्याच्याच रंगाचा पक्षी. माणूस जवळ आला की उडत नाही, चोच आभाळाकडे करून काडी होऊन उभा राहतो. थोरलीला त्याची मादी दिसली ती हातभर अंतरावर. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग थोरलीने विळा पाठीमागे घेतला, मागच्या पावली सरली आणि कडेला गाठ मारली.

"घागऱ्या आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्याने कापलेल्या पट्ट्याकडे बघितलं, मग सोडलेल्या बेटांकडे. "कापलं कमी," तो म्हणाला, "सोडलं जास्त."

*

वनरक्षक दर वर्षी कापणीच्या सुरुवातीला काठावर उभा राहून नियम वाचून दाखवायचा. बूट कोरडे राहतील इतक्या अंतरावरून. घरट्याभोवतीचा लव्हाळा कापायचा नाही, अंड्याला-पिलाला हात लावायचा नाही. या वर्षी त्यात एक कलम नवं होतं: परवानगीशिवाय घरट्याचा फोटो काढायचा नाही, कुणाला काढू द्यायचा नाही, दाखवायला न्यायचं नाही.

"फोटोचं आम्हाला काय सांगता साहेब," थोरली म्हणाली. "आमच्या घरचा आरसाही अर्धाच आहे. एका वेळी एकच गाल दिसतो."

बायका हसल्या. वनरक्षकही हसला आणि पुढच्या पट्ट्याकडे गेला.

कॅमेरेवाला आला तो त्यानंतर. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा, पाठीवर मुलाएवढं ओझं. तळ्यावर यायची रीतसर परवानगी त्याच्याकडे होती. चपळ्याच्या तराफ्यावरून तो दिवसभर फिरायचा आणि परतताना काठावर टेकायचा. सासऱ्याला तो आवडला, कारण तो ऐकून घ्यायचा. चपळ्याला तर जास्तच. कॅमेऱ्याला डोळा लावून द्यायचा, आणि वर विचारायचा, "तुला काय वाटतं, उजेड कुठून घेऊ?" आजवर चपळ्याला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. घरात त्याला जे वाटायचं ते सगळ्यांना आधीच माहीत असायचं.

"या कामात पाय कोरडे राहतात, वहिनी," तो एकदा म्हणाला. "पाहुण्यांना फिरवायचं. तळं तेच, पण जळवा नाहीत."

"जळवा नाहीत कशा? बोलणाऱ्या असतात," थोरली म्हणाली. पण त्याच्या पोटऱ्यांवरचे डाग बघून पुढचं गिळलं.

एका संध्याकाळी कॅमेरेवाल्याने तिला पडद्यावर एक पाणकोंबडी दाखवली. पायाच्या बोटावरचा थेंबसुद्धा दिसत होता. थोरलीने ओले हात मागे धरून वाकून बघितलं. एवढी वर्षं तिच्या शेजारी वावरलेलं पाखरू, आणि त्याचा डोळा तांबडा आहे हे तिने आज बघितलं. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

"ताई, एक विचारू?" तो म्हणाला. "ते शेंडे गुंडाळून ठेवलेले असतात मधेमधे. ती कसली खूण?"

कुणी आपल्या घरच्या रीतीबद्दल आदराने विचारलं की माणूस सैल होतो.

"ती गाठ," थोरली म्हणाली. "गाठ म्हणजे आत बाळंतीण आहे, विळा लांब ठेव."

"प्रत्येक गाठीत?"

"रिकामी गाठ कोण मारेल? तेवढा लव्हाळा फुकट जातो."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "लोकांनी हे बघितलं पाहिजे. बघितलं तर जपतील."

"आम्ही न बघता जपतो," थोरली म्हणाली, आणि उठून पेंढ्या उचलायला लागली.

*

कावळ्यांवरून तिला कळलं. कापणी पुढे सरकली होती, आणि मागच्या बाजूला, घागऱ्याच्या बेटावर, कावळे घिरट्या घालत होते. कावळे आणि भाऊबंद उगाच गोळा होत नाहीत. तिने विळा कमरेला खोचला आणि पाणी तोडत निघाली. नवऱ्याने मान वर केली, पण विचारलं नाही.

गाठ जागेवर होती. तिच्या शेजारचा लव्हाळा मात्र नव्हता. बेटाच्या एका अंगाला कुणीतरी खिडकी पाडली होती, माणूस आडवा आत जाईल एवढी. कापलेल्या काड्या पाण्यावर तरंगत होत्या, आणि बुडखे तिरके तुटले होते. एवढा तिरका विळा सबंध तळ्यात एकच जण चालवायचा.

खिडकीसमोर तराफा, तराफ्यावर हिरव्या कापडाचा तंबू, तंबूतून बाहेर आलेली काळी नळी. चपळ्या छातीपर्यंत पाण्यात उभा राहून तराफा धरत होता. वहिनीला बघून त्याने नजर पाण्यात सोडली.

कापड हललं. कॅमेरेवाल्याचं तोंड बाहेर आलं आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं. जिथं ती निम्मं आयुष्य कमरेइतक्या पाण्यात उभी होती, तिथं तिला गप्प राहायची खूण.

"सावली कापली तुम्ही," थोरली म्हणाली.

"हळू, ताई. ती जवळच असेल. तुम्ही गेलात की येईल."

"कधी गेली?"

 चपळ्या बोलला. "ऊन चढलं तेव्हा."

आता ऊन डोक्यावर होतं. घरट्यात तीन पिलं होती, ओल्या कापसासारखी. दोघांच्या माना घरट्याच्या काठावरून खाली लोंबत होत्या. तिसरं चोच उघडून धापत होतं, आवाज न करता.

थोरलीने हात लावला नाही. तिने तरंगणाऱ्या काड्या गोळा केल्या आणि खिडकीच्या जागी एकेक चिखलात खुपसायला सुरुवात केली. काडी खुपसायची, दाबायची, पुढची घ्यायची. चपळ्याने तराफा सोडला आणि पलीकडून काड्या आणून द्यायला लागला. मग कॅमेरेवालाही अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरला. त्याला चिखलात उभं राहायची सवय नव्हती. दोनदा बसला, दोनदा उठला. तिघं न बोलता कुंपण घालत राहिली.

"टिकेल का हे?" त्याने विचारलं.

"मूळ कुठं आहे? थोडे दिवस हिरवं दिसेल."

"मला वाटलं दोनच काड्या आड येताहेत." तो म्हणाला. "खरंच दोनच होत्या."

"आधी दोनच म्हणाले," चपळ्या पुटपुटला. "मग अजून दोन. मग त्यांच्यामागच्या आड आल्या."

"विळा एकदा चालला की दोनवर थांबत नाही," थोरली म्हणाली. "चला आता. तंबू काढा. सगळेच चला."

दुसऱ्या दिवशी कापताना तिचं लक्ष हातात नव्हतं. कावळे दिसत नव्हते. ते चांगलं की वाईट, कळत नव्हतं. दुपारी ती नवऱ्याला म्हणाली, "मी जरा बघून येते. आई परतली का एवढंच. लांबूनच."

नवऱ्याने मूठ कापली, पेंढीत टाकली. "तोही बघायलाच आला होता," तो म्हणाला.

ती गेली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

*

कॅमेरेवाला गावाला निघून गेला, आणि घरात कुणी तो विषय काढला नाही. सासऱ्याला कळलं होतंच, ताटावर बसून तो चपळ्याला एवढंच म्हणाला, "पाय कोरडे झाले?"

विषय निघाला तो बाहेरून. कॅमेरेवाल्याने त्या सकाळी, ऊन चढायच्या आधी, काढलेला एक फोटो कुठल्याशा प्रदर्शनाला पाठवला होता. प्रदर्शनवाल्यांनी विचारलं, घरट्याजवळ जायची परवानगी कुठं आहे? त्याच्याकडे तळ्याची होती, घरट्याची नव्हती. फोटो फिरत फिरत वनरक्षकाच्या टेबलावर आला, आणि थोरलीच्या घरच्यांना बोलावणं आलं. निरोप्याने सांगितलं ते असं: वाटाड्या कोण ते ठरेल, आणि जो ठरेल त्याला तळं बंद.

वाटेत सासरा काठी टेकत तिच्या बाजूला आला. "फोटोत गाठ दिसते म्हणतात. गाठ तुझी. तू सांग, मीच दाखवलं, मीच कापलं. बाईमाणसाला समज देऊन सोडतील."

"आणि नाही सोडलं तर?"

"तू घरात चटया विणशील. पोराला तळं बंद झालं तर त्याला पोरगी कोण देईल?"

चपळ्या ऐकत होता. नवरा चार पावलं पुढे होता, तोही ऐकत होता. त्याच्या मानेवरून थोरलीला ते दिसलं. तो वळून काहीतरी म्हणेल म्हणून ती जरा वाट बघत चालली. तो चालतच राहिला.

कचेरीत खुर्च्या होत्या. पाण्यातून तशीच उठून आली होती म्हणून थोरली बसली नाही. ओली खूण मागे राहिली असती. फरशीवर तिच्या पायाखाली थारोळं साचत होतं आणि निरोप्या त्याच्याकडे बघत होता. कॅमेरेवाला आधीच येऊन बसला होता, इस्त्रीच्या सदऱ्यात, रात्रभर न झोपल्यासारखा.

वनरक्षकाने फोटो टेबलावर ठेवला. घागऱ्याची मादी चोच आभाळाकडे करून उभी होती, पोटाखाली तीन पिलं, तिन्ही माना ताठ. सकाळचं ऊन तिच्या छातीवरच्या रेघांवर पडलं होतं. इतका देखणा फोटो थोरलीने कधी बघितला नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. वरच्या कोपऱ्यात, तीन शेंड्यांना वळलेली गाठ.

"चूक माझी आहे," कॅमेरेवाला म्हणाला. "जी कारवाई असेल ती माझ्यावर करा. मी कुणाचंही नाव सांगणार नाही."

"तुम्ही नका सांगू. गाठीने सांगितलंय," वनरक्षक म्हणाला. "सबंध तळ्यात अशी उलटी गाठ एकाच हाताची आहे. बोला बाई."

सासरा खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"गाठ माझी," थोरली म्हणाली. "गाठीचा अर्थही यांना मीच सांगितला. नव्हता सांगायला पाहिजे. हे दोन्ही माझ्या नावावर लिहा."

"आणि लव्हाळा?"

"विळा माझा नव्हता."

"मग कुणाचा?"

  कोपऱ्यात घड्याळ होतं, ते बंद होतं. नवरा आपल्या न वाकणाऱ्या बोटांकडे बघत बसला होता. थोरलीने मान खाली घातली नाही, एवढं एकच तिच्या हातात होतं.

"माझा होता," चपळ्या म्हणाला. तो इतक्या हळू म्हणाला की वनरक्षकाला परत विचारावं लागलं. "विळा माझा होता. वहिनीने फक्त लव्हाळा परत लावला, जेवढा लावता आला तेवढा."

कॅमेरेवाल्यावर खटला पुढे जाणार होता. कॅमेरा तोवर कचेरीतच राहिला. चपळ्याने या हंगामात तळ्याच्या पाण्यात पाय घालायचा नाही असं ठरलं. थोरलीला समज मिळाली. आणि उठता उठता वनरक्षक म्हणाला, "त्या गाठी सोडून टाका. तो फोटो कितीजणांनी बघितला असेल. उद्या दुसरा कुणी येईल. गाठ आता खूण राहिली नाही, पत्ता झालाय."

"गाठ सोडली तर मागून येणाऱ्या विळ्याला कसं कळायचं?"

"ते तुम्ही बघा."

बाहेर पायरीवर कॅमेरेवाला थांबला होता. खांद्यावर ओझं नव्हतं तरी तो वाकून उभा होता. "ताई," तो म्हणाला, "ती परत आली का?"

"माहीत नाही."

"तुम्ही बघून नाही आलात?"

"नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग पायरी उतरून निघून गेला.

*

घरी सासरा तिच्याशी बोलेना. बोलायचा तो पेंढ्यांशी. "माणसं जोडायची असतात, तोडायची नसतात," तो पेंढी आवळत म्हणायचा. चपळ्या त्याच्या शेजारी काठावर बसून चटईच्या काड्या निवडायचा. पाय कोरडे होते. त्यांच्याकडे तो बघायचा नाही. एकदा थोरलीच्या हातातला भारा घेताना तो म्हणाला, "वहिनी, तू नाव घेतलं असतंस तर मला राग तरी धरता आला असता." तिने त्याच्या डोक्यावर ओला हात पुसला आणि परत पाण्यात गेली.

पट्टा आता दोघांनी कापायचा होता. त्यात थोरलीने नवंच काम काढलं. खऱ्या गाठी तिने सोडल्या नाहीत. चांगल्या दाट, उंच, सरळ लव्हाळ्यापाशी ती थांबायची, आत काही नसताना, आणि तीन शेंडे वळून गाठ मारायची. मग त्याच्या भोवतीचा लव्हाळा सोडायची. जेवढा घरट्यासाठी सोडते तेवढाच. कमी सोडला तर कुणीही ओळखेल.

चौथी-पाचवी गाठ काठावरून दिसली तेव्हा सासऱ्याने मौन सोडलं. "अगं, तिथं काय आहे? तिथं तर काल तराफ्यावरून मीच काठी घालून बघितलं. काही नाही तिथं."

"आहे म्हणा."

"काय आहे म्हणू?"

"गाठ आहे म्हणा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग सोडलेल्या बेटांकडे. मग त्याला कळलं. कळल्यावर तो जास्तच चिडला. "आधी पोरगं काठावर बसवलंस, आता उभं पीक पाण्यात ठेवतेस. चोर कुणीतरी, आणि दंड आपण भरायचा? दुसरा कोण करतंय हे?"

"कुणी नाही," थोरली म्हणाली.

तिने नवऱ्याकडे बघितलं. पट्टा त्याच्या बापाचा आणि त्याचा होता. तो नको म्हणाला असता तर ती थांबली असती की नाही, तिलाच ठाऊक नव्हतं. पण तो काही म्हणाला नाही. कचेरीच्या वाटेवर गप्प होता तसाच गप्प. त्याने विळा पाण्यात घातला आणि पुढे कापायला लागला. ते गप्प राहणं तिला कमरेच्या पाण्याहून गार लागलं. संध्याकाळी मीठ लावून जळवा काढताना तिने त्याच्याकडे बघितलं नाही, आणि त्याचा पाय नेहमीपेक्षा जोरात धरला.

असे दिवस गेले. पाणी शेवटी उतरलं, कापणी संपत आल्यावर. ते मांड्यांशी आलं, मग गुडघ्याशी. दोघं पट्ट्याची दोन टोकं वाटून घेऊन कापत होती. भारे दर वर्षीपेक्षा कमी होते, काठावरून म्हातारा ते सगळ्या तळ्याला सांगत होता. मागे वळून बघितलं की पट्टाभर बेटं उभी दिसायची, प्रत्येकाच्या कडेला गाठ, वाऱ्यावर सगळ्या सारख्याच हलणाऱ्या. दोन परके तराफ्यावरून एकदा फिरून गेले. या बेटापाशी थांबले, त्या बेटापाशी थांबले, आणि कंटाळून परत गेले.

शेवटच्या दिवशी थोरलीचं टोक संपलं तेव्हा ती नवऱ्याच्या टोकाकडे वळली. तो पुढे कापत होता, पाठमोरा. त्याच्या मागे लव्हाळ्याचं एक बेट उभं होतं. मोठं. पट्ट्यातला सगळ्यात चांगला लव्हाळा त्याच बाजूला यायचा. तिथं काही सोडल्याचं तिला आठवेना. त्याने हाक मारल्याचंही आठवेना.

ती जवळ गेली. कडेच्या तीन काड्यांचे शेंडे एकत्र वळलेले होते. कशीतरी, वेडीवाकडी, पुन्हा पुन्हा सुटून पुन्हा पुन्हा मारलेली. काड्यांची सालं चुरगळली होती. गाठ सुलटी होती. उजव्या हाताची.

आत घरटं होतं की नव्हतं, तिला कळायला मार्ग नव्हता. लव्हाळा दाट होता. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर दिसलं असतं.

नवऱ्याचा विळा थांबला. त्याने वळून बघितलं नाही, पण विळा थांबला होता.

थोरलीने आपला विळा कमरेला खोचला. गाठ ढिली होती, वाऱ्याने सुटली असती. तिने ती डाव्या हाताने जरा आवळली, आत न बघता, आणि वळसा घेऊन पुढच्या लव्हाळ्याला हात घातला.